इलेक्ट्रा वाचन, अपडेट ३: आधी कोण मरतं?

तर मंडळी, इलेक्ट्राच्या गोष्टीवरची तिन्ही ग्रीक नाटकं एकदाची वाचून झाली. एस्किलस, सोफोक्लिस, युरिपिडिस. गोष्ट तीच, पोटच्या इफिजेनियाचा बळी दिला म्हणून क्लायटेम्नेस्ट्रा नवऱ्याला, अगामेम्नॉनला, मारते आणि मग मुलगा ओरेस्टिस येऊन, बहीण इलेक्ट्राच्या साथीनं, आईला आणि तिच्या यार एजिस्थसला संपवतो. मागच्या वेळी मी वंशावळ काढत बसलेलो, त्यात आत्र्युस-थायेस्टिसची भाऊबंदकीच पान खाऊन गेली (सख्ख्या भावाला त्याचीच पोरं शिजवून वाढली राव, आपल्याकडचे बांधाचे वाद परवडले).

यावेळी वहीत एकच कॉलम ठेवला, आधी कोण मरतं?

एस्किलस, इ.स.पू. ४५८. एजिस्थस आधी, आई नंतर. आईपुढे ओरेस्टिस अडखळतो, ती छाती दाखवून म्हणते इथंच दूध प्यायलास, हा वळून पायलाडिसला विचारतो काय करू, आणि आख्खं नाटक मुका उभा असलेला तो मित्र फक्त तीन ओळी बोलतो. संपलं. मी मागे जाऊन परत वाचलं.

सोफोक्लिसने क्रमच उलटा केलाय. आई आधी जाते, त्यामुळे मातृहत्येवर थांबायला वेळच नाही, लगेच एजिस्थस दारात, तो ओरेस्टिसचं प्रेत समजून कापड उचलतो तर खाली बायको! आईला मारलं म्हणून छळायला सूडदेवता येतच नाहीत मागे. थिएटर म्हणून हा सीन नंबर एक, पण मला जरा हात झटकल्यासारखं वाटलं.

युरिपिडिसकडे आई परत शेवटी, आणि तिला बोलावतात कशी तर इलेक्ट्राला बाळ झालंय अशी थाप मारून. लेकीच्या बाळंतपणासाठी आलेली आई. बाहेर येताना दोघं भावंडं पार कोसळलेली असतात. आणि हाच युरिपिडिस आधी एस्किलसच्या केसांच्या बटेची अन पावलांच्या ठशाची (तिथे इलेक्ट्रा यांवरूनच भावाला ओळखते) टर उडवतो, भावाबहिणीचं पाऊल एका मापाचं कसं असेल म्हणे!

मग नवीन. अमेरिकन नाटककार ओनीलचं १९३१ चं नाटक, अमेरिकन यादवी संपल्यावरचं न्यू इंग्लंड. ओरिन, म्हणजे इथला ओरेस्टिस, आईच्या प्रियकराला गोळी घालतो, आई स्वतःच जीव देते, म्हणजे मातृहत्या तांत्रिकदृष्ट्या नाहीच, तरी पोरगा त्यातच खचून मरतो. रंगसूचना वाचून वाचून डोळे दुखले खरंच.

आणि येल फार्बरचं ‘मोलोरा’, दक्षिण आफ्रिकेतल्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या (वर्णद्वेषी राजवटीतल्या अत्याचारांची सुनावणी घेणाऱ्या) पार्श्वभूमीवरचं. तिथे ओरेस्टिस मागे हटतो, इलेक्ट्रा कुऱ्हाड उचलते आणि कोरसमधल्या बायका तिला धरून ठेवतात. आई जगते. कॉलममध्ये काय लिहू कळेना, सध्या डॅश मारलाय.

पुढचा नंबर सार्त्रच्या १९४३ च्या ‘माश्या’ या नाटकाचा, तीच गोष्ट. आणि फ्रेंच दिग्दर्शिका म्नूश्किनच्या ‘लेझात्रीद’चं (याच घराण्याच्या नाटकांचा प्रयोग), तेच ते कथकलीच्या प्रभावातल्या कोरसवालं, रेकॉर्डिंग कुणी पाहिलं असेल तर सांगा, तिथला क्रमही वहीत चढवायचाय.