गोल केलेल्या आकड्याखालची ओळ

माउलींची पालखी दिवे घाटातून सासवडला निघाली होती, त्यामुळे सासवडहून पुण्याकडे येणारी ॲम्ब्युलन्स बोपदेव घाटाने फिरून आली. साठीच्या मावशी, जुना मधुमेह, पहाटे रक्ताच्या दोन मोठ्या उलट्या. वरचं बीपी ८०, हिमोग्लोबिन ५.६. सोनोग्राफीत लिव्हर आकसलेलं, प्लीहा वाढलेली. दारूचा थेंब नाही, तरी कॅज्युअल्टीत सुनेला तो प्रश्न तीनदा विचारून झाला. फॅटी लिव्हरनेही सिऱ्हॉसिस होतो, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसतं, हे आपल्याच लोकांच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही.

रक्तस्राव आवरायला टर्लिप्रेसिन आणि सोबत अँटिबायोटिक सुरू झालं होतं. मुलगा चिडलेला, रक्ताच्या अजून दोन बाटल्या का लावत नाही म्हणून. सिऱ्हॉसिसच्या रक्तस्रावात हिमोग्लोबिन ७-८ पर्यंत आणून थांबायचं असतं. त्यापुढे रक्त चढवत राहिलं की पोर्टल शिरेतला, म्हणजे लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला, दाब वाढतो आणि रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. हे नातेवाइकांना दोन मिनिटं बसून सांगायला हवं. पण ते काम कुणाच्याच ड्युटीत लिहिलेलं नाही.

मी एंडोस्कोपी विभागात सिस्टर आहे. रक्त फुफ्फुसात जाऊ नये म्हणून भूलतज्ज्ञांनी आधी श्वासनलिकेत ट्यूब टाकली. दुर्बीण आत गेली तर जठराच्या वरच्या भागात, फंडसमध्ये, नुसत्या गुठळ्या. डाव्या कुशीवर रक्त नेमकं तिथेच साचतं. मावशींना उजव्या कुशीवर वळवलं, डोक्याकडची बाजू उचलली, तेव्हा कुठे त्या दाबाने फुगलेली शीर दिसली. चांगली दीड सेंटिमीटर. अन्ननलिकेतली शीर असती तर रबर बँड लावून भागलं असतं. फंडसमधल्या एवढ्या जाड शिरेवर बँड नीट बसत नाही, आणि तो निसटला की रक्त आवरत नाही. तिथे शीर बुजवायला ग्लूच लागतो.

ग्लूची तयारी माझ्याकडे असते, आणि मला या कामाचा अभिमान आहे. हा ग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट, रक्ताला लागताच घट्ट होतो. म्हणून सुईच्या नळीत किती मावतं ते मी आधी मोजून ठेवते. नळी डिस्टिल्ड वॉटरने भरायची. सलाइन भरलं तर त्यातल्या मिठाने ग्लू नळीतच आवळतो. ग्लूमध्ये लिपिओडॉल नावाचं तेल मिसळायचं, म्हणजे तो जरा उशिरा घट्ट होतो आणि एक्स-रेवर दिसतो. फार मिसळलं तर घट्ट होण्याआधीच वाहत फुफ्फुसापर्यंत जाऊ शकतो. दुर्बिणीच्या टोकाला आणि चॅनेललाही तेच तेल. सगळ्यांना गॉगल, मावशींचे डोळे झाकलेले.

सुई शिरेत गेली, सर "पुश" म्हणाले. ग्लू, आणि त्यामागोमाग नळीत मावतं तेवढं पाणी, म्हणजे नळीतला ग्लूही शिरेतच पोचतो. मग सुई बाहेर, पाणी सोडणं चालूच. या वेळी सक्शनच्या बटणाला हात लावायचा नाही. ग्लू चॅनेलमध्ये ओढला गेला की लाखोंची दुर्बीण कामातून गेली. रेंगाळलं तर सुई शिरेतच चिकटते. सगळा खेळ काही सेकंदांचा. दुसऱ्या इंजेक्शननंतर सरांनी नळीच्या बोथट टोकाने शीर दाबून पाहिली. मघाशी दबणारी शीर आता कडक लागत होती. रक्त थांबलं.

फाइल लावताना सुनेने दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत तीन महिन्यांपूर्वीचा सीबीसी, म्हणजे रक्ततपासणीचा रिपोर्ट, निघाला. हिमोग्लोबिन ८.४, त्याभोवती निळ्या पेनाने गोल. त्याच कागदावर खाली प्लेटलेट ७८ हजार. तिथे पेन टेकलेलंही नाही. मधुमेह, वाढलेलं वजन आणि एवढ्या कमी प्लेटलेट: एवढ्यावर लिव्हरची शंका घेऊन कुणी पोटाची सोनोग्राफी सांगायला हवी होती. सांगितल्या फक्त लोहाच्या गोळ्या, आणि सोबत सूचना, संडास काळी होईल, घाबरू नका.

"सिस्टर, आठवडाभर त्यांना काळीच होत होती," सून म्हणाली. "पण डॉक्टरांनी सांगितलंच होतं ना?"

सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते जास्त टोचतं. त्या खऱ्या सूचनेच्या भरवशावर घर आठवडाभर निर्धास्त राहिलं.

मावशी घरी गेल्या तेव्हा शिरेतला दाब कमी करणारं कार्व्हेडिलॉल सुरू होतं, काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण ठरली होती. शीर बुजली तरी लिव्हर तेच आणि दाबही तोच, म्हणून प्रत्यारोपणाच्या सल्ल्यासाठी चिठ्ठीही दिली. आणि डिस्चार्जच्या कागदावर लोहाच्या गोळ्या पुन्हा होत्याच, कारण रक्त खरोखर कमी होतं. मग मी सुनेला बसवून फरक सांगितला. गोळीने होते ती काळपट-हिरवी, पण एरवीसारखी बांधलेली. रक्ताची डांबरासारखी चिकट, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहते, आणि वास दाराबाहेर येतो. तशी दिसली तर गोळीचं नाव न घेता निघायचं, रात्र असो की दिवस.

"आईंना रोज हे कसं विचारू?" ती पुटपुटली.

मावशी कॉटवरून म्हणाल्या, "विचारतेस काय, मीच बोलावून दाखवीन."