सोलांसाठी पावसाचा बजर: माझा आर्डुइनोचा अनुभव

आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम लिहून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड, शिकणारे बहुतेक जण दिवा लुकलुकवून सुरुवात करतात आणि पुष्कळसे तिथेच थांबतात. मला घरात उपयोगी पडेल असं काही करायचं होतं. आमचं घर वेंगुर्ल्याकडचं. मे महिन्यात खळ्यात, म्हणजे अंगणात, सोलं (कोकमाच्या साली) वाळत असतात. मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात टाकलेली ही सोलं वळवाच्या एका सरीत भिजली, की बुरशी धरायला वेळ लागत नाही. म्हणून ठरवलं, पावसाचे थेंब पडू लागले की आत बजर वाजला पाहिजे.

आर्डुइनो उनो हा बोर्ड, बजर आणि पावसाचा सेन्सर एवढंच सामान. सेन्सर म्हणजे छोटी पाटी, तिच्यावर धातूच्या जवळजवळ रेघा. थेंब दोन रेघांवर पडला की विजेला वाट मिळते. उनो व्होल्टेज 0 ते 1023 अशा आकड्यांत वाचतो. पाटी कोरडी असताना आकडा हजाराच्या वर असतो, भिजली की उतरतो.

पहिली अट साधी होती: आकडा 500 च्या खाली असेल तर बजर चालू, नाहीतर बंद. म्हणजे प्रोग्राममध्ये एक इफ (‘जर’), एक एल्स (‘नाहीतर’). तुलनेला बरोबरचं चिन्ह दोनदा लिहायचं आणि इफच्या कंसानंतर लगेच अर्धविराम द्यायचा नाही, ही पथ्यं सगळेच सांगतात. ती पाळली. टेबलावर ओलं बोट टेकवलं की बजर वाजे.

खळ्यात मात्र वेगळंच. संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्यात पाटीवर मिठाचा ओलसर थर बसतो. सीरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाचे आकडे दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत, 506, 497, 503, 494 असे आकडे येऊ लागले आणि बजर तडतडायला लागला. आई आतून ओरडली, “अरे, ह्या कित्याक बोंबलता? पाऊस खंय आसा?”

इफचं काही चुकत नव्हतं. लूप, म्हणजे प्रोग्रामचा पुन्हा पुन्हा चालणारा भाग, सेकंदात कितीतरी वेळा फिरतो, दर फेरीला तोच प्रश्न नव्याने विचारतो. मघाशी काय उत्तर आलं, हे इफला ठाऊक नसतं. ती आठवण आपणच व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत साठवायच्या नाव दिलेल्या जागेत, ठेवायची. मी ‘पाऊस’ नावाचं एक व्हेरिएबल घेतलं आणि दोन मर्यादा ठरवल्या. आकडा 400 च्या खाली गेला तर ‘पाऊस’ खरा, 700 च्या वर गेला तर खोटा. मधल्या आकड्यांसाठी काहीच लिहिलं नाही, म्हणजे आधीची स्थिती तशीच राहते. या प्रकाराला हिस्टेरेसिस म्हणतात. तडतड थांबली. माझ्या मते नवशिक्याने एल्सच्या आधी हे शिकावं, कारण एल्स लिहिला की मधलं काही शिल्लकच राहत नाही.

मग दुसरी कटकट. पाऊस असेपर्यंत बजर चालूच. सोलं आत आणल्यावर तो कोणाला हवा? ‘पाऊस आहे का’ आणि ‘पाऊस आत्ता सुरू झाला का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यासाठी मागच्या फेरीतली स्थितीही जपावी लागते: आता खरा आणि मघाशी खोटा असेल, तरच बजर. मध्ये ‘आणि’साठी दोन अँडची चिन्हं (&&). त्याच चिन्हांनी पुढे उजेडाचा सेन्सरही जोडला. रात्री दव पडतं, पण सोलं तेव्हा घरातच असतात, मग बजर कशाला?

पाटीला सतत वीज दिली तर ओल्या रेघा लवकर गंजतात, समुद्राकाठी तर फारच. म्हणून सेन्सरची वीज एका डिजिटल पिनवरून (प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या टोकावरून) दिली: सेकंदातून एकदा चालू, वाचन, पुन्हा बंद. पाटी तिरकी बसवली, म्हणजे पाणी साचत नाही. माझे 400 आणि 700 उचलू नका; आपली पाटी कोरडी, दमट आणि भिजलेली असताना आकडे बघून ठरवा.

मीठ काढायला आई सोलं परतताना पाटीवरून गोड्या पाण्याचा ओला फडका फिरवते. तेव्हा बजर वाजतोच. त्यासाठी इफ लिहिलेला नाही.