पोत्यावरचा मार्का
स्लाइड घेऊन मुलीचे वडीलच आले होते. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, राहायला कोपरखैरणेला. सहा वर्षांच्या मुलीचा बोन मॅरो सकाळीच काढलेला, आणि वाशीतल्या आमच्या लॅबच्या फॉर्मवर लिहिलेलं: 'ल्युकेमिया?', म्हणजे रक्ताचा कॅन्सर? ते प्रश्नचिन्ह त्यांनीही वाचलं असणार. बाकावर न बसता ते दाराशीच उभे राहिले.

पानथरी बेंबीपर्यंत वाढलेली, हिमोग्लोबिन 7.8, प्लेटलेट 62 हजार. दीड वर्ष एका दवाखान्यातून लोहाचं औषध चालू होतं. एवढ्या दिवसांत कुणी पोट चाचपून बघितलं नव्हतं, याचा राग मला अजून येतो.

लेशमन स्टेन करून स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतली. ल्युकेमियात माजणाऱ्या अपक्व पेशी, म्हणजे ब्लास्ट, शोधत होते, ते नव्हतेच. स्मिअर जिथे विरळ होत संपतो, तिथे मात्र मोठमोठ्या पेशी पडल्या होत्या. शेजारच्या तांबड्या पेशीच्या सात-आठ पट रुंद, केंद्रक एका कडेला सरकलेलं, आणि पेशीद्रव असा की पतंगाचा कागद मुठीत चुरगाळून पुन्हा उलगडलाय. गोशे पेशी! गोशे नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजाराची खूण. पंधरा वर्षांत मी त्या फक्त पुस्तकात पाहिल्या होत्या.

लगेच निदान लिहिलं नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियातही हुबेहूब अशा पेशी दिसतात. तिथे इतक्या पेशी मरत असतात की भक्षक पेशींना त्यांचा निचरा झेपत नाही. इथे पांढऱ्या पेशी उलट कमी होत्या. साखरयुक्त पदार्थ रंगवणारा पीएएस स्टेन केला, सुरकुत्या किरमिजी उठून आल्या. बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. ते म्हणाले, "वडील तुमच्याकडेच आहेत ना? तुम्हीच समजावून सांगा."

"मॅडम, कॅन्सर हाय का?"

"नाही दादा, कॅन्सर दिसत नाही." तेव्हा कुठे ते बसले.

त्यांना मायक्रोस्कोपमधून पेशी दाखवली. म्हातारी झालेली रक्तपेशी भक्षक पेशी गिळते. तिच्या आत आम्लाने भरलेल्या बारीक पिशव्या असतात, लयकारिका. गिळलेल्याचे तुकडे तिथे होतात आणि कामाचा माल पेशी पुन्हा वापरते. शाळेच्या पुस्तकात त्यांना आत्मघाती पिशव्या म्हणतात. मला ते नाव त्यांच्यावर अन्याय करणारं वाटतं. तुमच्या मुलीच्या पिशव्यांत एक एन्झाइम कमी पडतंय बहुतेक, ग्लुकोसेरेब्रोसिडेज. एक ठरावीक चरबी त्यामुळे फुटत नाही, साठत जाते. या सुरकुत्या म्हणजे तीच चरबी. पानथरीत अशा पेशी खच्चून भरल्यात.

"मग ते एन्झाइम बनतच न्हाई?"

प्रश्न नेमका होता. पुष्कळदा बनतं, पण घडी नीट बसत नाही. प्रथिनं जिथे घडतात त्या आंतर्द्रव्यजालिकेत तपासणी होते, तिथेच ते अडतं आणि मोडीत निघतं. पुढे माल रवाना करणाऱ्या गॉल्गी संकुलापर्यंत, तिथून लयकारिकेपर्यंत पुरेसं पोचत नाही.

"म्हंजे माल गेटवरच रिजेक्ट. गाळ्यावर आलाच न्हाई."

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. मग औषधाचंही त्यांच्याच भाषेत सांगितलं. एन्झाइम बाहेरून, दर दोन आठवड्यांनी, शिरेतून देता येतं. ते नुसतं रक्तात सोडून भागत नाही, भक्षक पेशींनी उचलायला हवं. म्हणून त्याच्यावरच्या साखरेच्या साखळ्या छाटून मॅनोज नावाची साखर उघडी ठेवतात. भक्षक पेशी ती ओळखून एन्झाइम आत ओढून घेतात. असं पहिलं औषध अमेरिकेत 1991 साली मंजूर झालं.

"मार्का मारल्यावानी."

"अगदी मार्काच."

खर्च ऐकून ते गप्प झाले. उपचार आयुष्यभराचा आहे, हे मी लपवलं नाही. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणाखाली मुंबईचं केईएम रुग्णालय नेमलेलं केंद्र आहे. तिथल्या जेनेटिक्स विभागासाठी पत्र लिहून दिलं. आधी एन्झाइमची पातळी मोजून निदान पक्कं होऊ द्या, हेही दोनदा बजावलं.

निघताना विचारलं, "घरात आणखी मूल?"

"धाकटा हाय. दोन वर्साचा."

आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो. प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याला खांद्यावर झोपलेला घेऊन आले. डाव्या बरगडीखाली मी बोटं ठेवली. मऊ लागलं, पानथरी हाताला आली नाही. तरीही रक्ताचे थेंब फिल्टर पेपरवर घेतले आणि बहिणीच्या नमुन्याबरोबर पाठवले.