'डबल इन्डेम्निटी': खुनी आधीच कळल्यावर पाहायचं काय?

बिली वाइल्डर यांच्या 'डबल इन्डेम्निटी'मध्ये (१९४४) खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटांतच कळतं. विमा एजंट वॉल्टर नेफ रात्री ऑफिसात येतो, डिक्टाफोनसमोर (बोललेलं टिपणाऱ्या यंत्रासमोर) बसतो आणि कबुली देऊन टाकतो: खून केला तो पैशासाठी आणि एका बाईसाठी, पण हाती दोन्हींतलं काहीच लागलं नाही. रहस्य तिथेच संपतं. उरते ती धास्ती, आणि ती किती साध्या वस्तूंतून उभी राहते हे पाहण्यासारखं आहे. (पुढे शेवटही उघड होतो.)

बेत असा: रेल्वे अपघातात मृत्यू झाला तर विम्याची रक्कम दुप्पट, ५० हजारांऐवजी १ लाख डॉलर. म्हणून ती बाई, फिलिस, हिच्या नवऱ्याला मोटारीत मारायचं आणि प्रेत रुळांवर टाकायचं. ती तीनदा हॉर्न वाजवते, हा इशारा. मागे दबा धरून बसलेला नेफ उठतो, पण कॅमेरा खुनाकडे वळतच नाही. तो फिलिस झालेल्या बार्बरा स्टॅनविक यांच्या चेहऱ्यावर खिळून राहतो. समोर बघत गाडी चालवणाऱ्या त्या थंड चेहऱ्यावर सगळं वाचता येतं.

प्रेत टाकून दोघं गाडीत बसतात आणि इंजिन सुरूच होत नाही. वाइल्डर यांची स्वतःची गाडी एकदा अशीच अडली होती, त्यावरून हा प्रसंग सुचला. इथे स्वतःकडे लक्ष द्या: इंजिन सुरू व्हावं असं आपल्यालाही वाटतं. प्रेक्षक खुन्यांच्या बाजूला गेला, तोही नकळत!

दाराचा प्रसंगही असाच. संशय आलेला कीज, विमा कंपनीत दाव्यांची छाननी करणारा नेफचा सहकारी, नेफच्या फ्लॅटमधून बाहेर पडतो आणि फिलिस उघड्या दारामागे लपते. असं दार एरवी आत उघडतं, इथे ते बाहेर, कॉरिडॉरमध्ये उघडतं. ही सरळ लबाडी आहे. पण ताण इतका असतो की ती खटकत नाही, आणि माझ्या मते ती योग्यच होती.

छायालेखक जॉन साइट्झ यांनी फिलिसच्या घरात ॲल्युमिनियमची बारीक भुकटी हवेत उडवली. त्यामुळे खिडकीच्या ब्लाइंडच्या पट्ट्यांतून येणारं ऊन धुळीत तरंगताना दिसतं आणि नेफच्या अंगावर गजांसारख्या सावल्या पडतात. हे दिसायचं तर खोलीत अंधार हवा. टीव्हीचा ब्राइटनेस चढा असेल तर काळा रंग राखाडी होतो आणि सावल्या विरतात. चित्र ताणून पडदाभर करू नका, चौकटी बिघडतात. हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी टीव्हीची 'मोशन स्मूदिंग' सेटिंगही बंद ठेवा.

आणि काडेपेटीच्या काड्यांकडे लक्ष असू द्या. कीजच्या खिशात काडी कधीच नसते, त्याचा सिगार दर वेळी नेफ पेटवतो. शेवटी जखमी नेफची सिगारेट कीज पेटवतो. वाइल्डर यांनी यानंतर गॅस चेंबरमधल्या मृत्युदंडाचा प्रसंग चित्रितही केला होता. तो त्यांनी काढून टाकला, कारण या काडीनंतर दाखवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.