अख्खा कांदा भाजण्याच्या पाच खेपा

कांदा भाजायला काय अक्कल लागते, असं मीच म्हणाले होते. रोज कांदा चिरते, रोज परतते. तेव्हा सबंध कांदा ओव्हनमध्ये सरकवला, घड्याळ लावलं, की झालं काम, असा माझा साधा हिशेब. प्रत्यक्षात चारचौघांत वाढण्याजोगा कांदा हाती यायला पाच खेपा लागल्या. आधीच्या चार खेपांचे कांदे घरातल्यांनी मुकाट्याने खाल्ले, म्हणजे निदान पहिले दोन दिवस तरी मुकाट्याने.

निमित्त होतं आठ जणांच्या जेवणाचं. मुख्य पदार्थाचीच उस्तवार इतकी होती, की तोंडी लावणं असं हवं होतं ज्याच्यापाशी उभं राहून ढवळत बसावं लागणार नाही. प्रत्येकाच्या ताटात एकेक अख्खा कांदा, वरून खरपूस तपकिरी, आतून लोण्यासारखा मऊ. चित्र डोळ्यांसमोर इतकं स्पष्ट होतं की रंगीत तालीम करायची गरजच वाटली नाही. नशीब, तरीही केली.

पहिल्या खेपेला सालं काढून, तेल चोळून चार कांदे २२० अंशांवर ठेवले. चाळीस मिनिटांनी बाहेर काढले तेव्हा दिसायला झकास होते. सुरी घातली तर पहिला पापुद्रा चामड्यासारखा चिवट, त्याखालचे दोन मऊ आणि मग कर्रकन् आवाज. गाभा कच्चाच. नुसता कच्चा असता तरी चाललं असतं, पण हा गरम कच्चा होता. गरम कच्च्या कांद्याचा दर्प नाकात बसला की तासभर हटत नाही.

माझी चूक ही, की भाजणं म्हणजे एकच क्रिया असं मी धरून चालले होते. कांद्यात वजनाच्या जवळपास ८९ टक्के पाणी असतं. हे पाणी आत आहे तोवर गाभ्याचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, मग ओव्हनचा काटा कुठेही फिरवा. म्हणजे आतला कांदा खरं तर स्वतःच्याच वाफेवर शिजत असतो. तपकिरी रंग आणि खरपूस वास मात्र कोरड्या पृष्ठभागावरच येतो. साखर आणि अमिनो आम्लं यांच्या ज्या अभिक्रियेतून तो येतो, तिचं वर्णन लुई-कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केलं. तिला खरा वेग येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. बाहेर भाजणं आणि आत वाफवणं, ही दोन वेगळी कामं. मी दोन्ही एकाच दमात उरकायला निघाले होते, म्हणून बाहेरचं चिवट झालं आणि आतलं राहून गेलं.

दुसऱ्या खेपेला शहाणपणा म्हणून आच कमी केली, १८० अंश. आणि कांदे ट्रेमध्ये नीट बसावेत म्हणून दोन्ही टोकं सपाट कापली. सत्तर मिनिटांनी दार उघडलं तर काय, चारही कांद्यांचे गाभे वर आलेले. एकाचा इंचभर, एकाचा तर पूर्ण निसटून ट्रेच्या कोपऱ्यात पडलेला, आणि बाहेरचे पापुद्रे रिकाम्या वाटीसारखे बसलेले. नवरा डोकावून म्हणाला, “अगं, यांनी जिभा काय बाहेर काढल्यात?”

खालचं टोक कापलं तिथेच घोळ झाला होता. कांद्याचे पापुद्रे म्हणजे मुळात पानांचे फुगीर बुंधे. ते सगळे जिथे येऊन चिकटतात ती खालची चपटी चकती हे कांद्याचं खोड. चकती उडवली की पापुद्र्यांना धरून ठेवणारं काही उरत नाही. बाहेरचे पापुद्रे आक्रसतात, आत वाफ कोंडते आणि ओला, गुळगुळीत गाभा वर सटकतो. तेव्हापासून मी मुळांच्या वाळक्या तारा तेवढ्या सुरीने खरवडते आणि चकतीला हात लावत नाही. कांदा ट्रेमध्ये डुगडुगत असेल तर एकमेकांना टेकवून ठेवते. दाटीवाटीने बसलेले कांदे कलंडत नाहीत.

तिसरी खेप सगळ्यांत चिडचिड करायला लावणारी, कारण या वेळी मी सगळं बरोबर केलंय अशी माझी खात्री होती. चकती शाबूत, वर अधिक चिन्हासारखी चीर, त्यात लोणी आणि मीठ, आणि गोडपणाला उतारा म्हणून दोन मोठे चमचे व्हिनेगर सुरुवातीलाच ओतलेलं. वरून फॉइल घट्ट गुंडाळलेला. तास झाला, सव्वा तास झाला, दीड झाला. कांदा शिजला होता, पण मऊ पडला नव्हता. दाताखाली करकरत होता.

भाजी मऊ पडते ती पेशींच्या भिंतींमधलं पेक्टिन, म्हणजे पेशींना जोडून ठेवणारा चिकट पदार्थ, सुटतं म्हणून, आणि आंबट पदार्थ नेमकं तेच लांबवतो. आंबट आधी घातलं की डाळ शिजता शिजत नाही, हे मला ठाऊक होतं की! पण ज्ञान एका पातेल्यातून दुसऱ्यात आपोआप जात नाही. वर आणखी एक गंमत. फॉइल उलगडला तर जिथे तो कांद्याला चिकटला होता तिथे टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडलेली. मीठ आणि आंबट मिळून अॅल्युमिनियम खातात. तो थर मी कांद्यावरून काढून टाकला, आणि तेव्हापासून आंबट असेल तिथे फॉइलऐवजी झाकणाचं भांडं वापरते.

चौथ्या खेपेला वैतागून काहीच केलं नाही. सालासकट, न चिरता, न तेल लावता, पाच कांदे २०० अंशांवर ठेवले आणि दुसऱ्या कामाला लागले. सव्वा तासाने वास बदलला म्हणून आले. सालं कागदासारखी वाळून तडकली होती, बुडाशी काळपट चिकट रस गळून ट्रेला धरला होता. कात्रीने वरचं टोक छाटलं आणि खालून दाबलं, तर गाभा सरळ चमच्यात. तिखटपणाचा मागमूस नाही. दोन मिनिटं मी तशीच उभ्याने खात राहिले.

कांदा इतका गोड कसा झाला हे मग शोधून वाचलं. अख्ख्या कांद्यात उग्रपणा तयार नसतोच, त्याची सामग्री तेवढी असते. गंधकयुक्त संयुगं पेशीत एका कप्प्यात, त्यांच्यावर काम करणारं विकर (एन्झाइम) दुसऱ्यात. सुरी चालली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि झोंबणारं रसायन तिथल्या तिथे जन्माला येतं. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या वायूसाठी तर एक खास वेगळं विकर लागतं. ते जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधलं, आणि २०१३ मध्ये त्याबद्दल त्यांना इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. कांदा न चिरता तापवला की ही विकरं त्या संयुगांशी गाठ पडण्याआधीच उष्णतेने निकामी होतात. साखर कांद्यात पहिल्यापासून असते, कच्च्या कांद्यात वजनाच्या चार-पाच टक्के. तिखटपणाखाली ती झाकलेली असते इतकंच. तिखटपणा झालाच नाही आणि पाणी आटलं, की तीच पुढे येते.

पण या खेपेलाही मेख होतीच. गोड, मऊ, आणि बस्स. दुसऱ्या घासाला छान, पाचव्या घासाला कंटाळवाणा. नवऱ्याने अर्धा कांदा संपवून विचारलं, “हे जेवणात की जेवणानंतर?” प्रश्न रास्त होता. सालाच्या आत मीठ पोचलं नव्हतं, आणि गराला आच न लागल्यामुळे खरपूसपणाही नव्हता. तोंडी लावायचं तर खारट, आंबट, जरासं कडसर असं काहीतरी हवं.

म्हणून पाचवी खेप ही आधीच्या चारांची खिचडी. १८०-२०० ग्रॅमचे, एका मापाचे नऊ कांदे निवडले. आठ पाहुण्यांचे आणि एक टोचून बघायला. माप सारखं असण्याला फार महत्त्व आहे, नाहीतर लहान कांद्यांचा लगदा होईपर्यंत मोठे तयार होत नाहीत. जातही बघून घ्यावी. पातळ सालीचे, रसाळ, कच्चे खायला गोड लागणारे कांदे इथे कुचकामी. ते पाणी सोडून बसकण मारतात. चांगले टिकणारे, सालं घट्ट आणि कोरडी असलेले, चिरताना रडवणारे कांदेच भाजल्यावर खोल चवीचे निघतात. लाल कांदा घेतला तर शिजताना त्याचा रंग मळकट होतो, शेवटी आंबट पडलं की थोडा उजळतो.

वरची सालं काढली, चकती ठेवली, शेंड्याकडून बोटाच्या पेराहून कमी छाटलं. मग वरून अधिक चिन्हासारखी चीर, बुडापासून दोन सेंटिमीटर अलीकडे थांबवली. खोल गेली तर कांदा कमळासारखा उमलतो. दिसतो सुंदर, पण वाळतो. ही चीर दिली म्हणजे थोडा तिखटपणा तयार होणार हे कबूल, पण मीठ आत पोचवायला दुसरी वाट नाही, आणि जो होतो तो पुढच्या तासाभरात उडून जातो. साठ ग्रॅम मऊ लोण्यात दीड चहाचा चमचा मीठ, भरपूर जाडसर मिरी आणि थाइमची पानं कालवून ते चिरांमध्ये बोटाने दाबून भरलं. जाड बुडाच्या भांड्यात कांदे खेटून बसवले, तळाला तीन मोठे चमचे पाणी, वर झाकण, १९० अंश.

तासाभराने टोचायला घेतलं. सुरीने टोचून कळत नाही, तिची धार कच्चा कांदाही गप्प कापत जाते. मी विणायची बारीक सुई वापरते. पापुद्र्यापापुद्र्याला ती किंचित अडखळली तर अजून वेळ आहे. एकदाही न अडता चकतीला टेकली, की आतलं काम संपलं. वासही सांगतो. आधी डोळ्यांना कळेल असा उग्र, मग मध्ये एक मिळमिळीत उकडल्यासारखा टप्पा येतो आणि जीव घाबरतो की फसलं. तेव्हा हात लावायचा नाही.

सुई सरळ गेली तेव्हा झाकण काढलं, आच २१०. आता भाजायचं काम. तळाला साचलेला रस दर दहा मिनिटांनी चमच्याने वर सोडत राहिले. पहिल्यांदा सोडला तेव्हा पाण्यासारखा ओघळून गेला. दुसऱ्यांदा थोडा रेंगाळला. तिसऱ्यांदा पापुद्र्याच्या कडेला लकाकत तसाच धरून राहिला, आणि कडा तपकिरीच्या पुढे, काळ्याच्या अलीकडे पोचल्या. तेव्हा कुठे व्हिनेगर, दोन मोठे चमचे, शेवटच्या आठ मिनिटांसाठी. वरून किसलेलं खारट, जुनं चीज अगदी मूठभर. बाहेर काढून दहा मिनिटं तसेच ठेवले, कारण आतला गाभा जीभ भाजण्याइतका तापलेला असतो आणि तो बाहेरून कळत नाही.

पाहुण्यांपैकी एकांनी कुत्रं आणलं होतं. जेवताना त्यांनी कांद्याची एक मऊ पाकळी टेबलाखाली नेली, तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. “अहो, त्याला नका देऊ!” कांदा कच्चा असो की शिजवलेला, कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. भाजल्याने ते जात नाही. क्षणभर टेबलावर अवघडलेली शांतता पसरली, मग त्यांनी ती पाकळी स्वतःच खाल्ली.

उरलेलं झाकून बाहेर ठेवायचं नाही, हाही नियम मी आता पाळते. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया गावी चरबीत परतून कोमट ठेवून दिलेल्या कांद्यातून बोट्युलिझम, म्हणजे एका जंतूच्या विषाने होणारा जीवघेणा आजार, झाला आणि २८ जण रुग्णालयात पोचले. मातीतून निघालेला कांदा, वर स्निग्धाचा थर, हवा नाही आणि ऊब आहे, त्या जंतूला आणखी काय हवं? म्हणून निवले की सरळ फ्रिजमध्ये.

त्या रात्री तिथे नववा गेला. आठ कांदे संपले होते. दोघांनी भांड्याच्या तळाचा रस पावाने पुसून घेतला, ते मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. नवव्यावर सुईची अकरा भोकं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने फ्रिज उघडून विचारलं, “तो चाळणीसारखा झालेला कांदा कुणाचा आहे?” कुणाचा नाही म्हटल्यावर त्याने तो थंडच खाल्ला, ओट्यापाशी उभं राहून.