पवना धरणावर ट्रोलिंग: एक मरळ मिळाला, एक लूअर गेला

गेल्या रविवारी मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र पवना धरणावर ट्रोलिंगला गेलो होतो, म्हणजे होडी हळूहळू चालवत लूअर (गळ लावलेला नकली मासा) मागे ओढायचा. काठावर बसून कणकेच्या गोळ्यावर कटल्याची वाट बघण्याची सवय असलेल्यांना हे थोडं आळशीपणाचं वाटेल, पण हात बघा किती दुखतात दुसऱ्या दिवशी.

कोथरूडहून पहाटे साडेचारला निघालो, जुन्या हायवेने कामशेत, तिथे वडापाव, मग डावीकडे पवनानगर. गावातल्या एका काकांची होडी ठरवली होती. ते म्हणाले, "अकरानंतर वारं सुटतंय, तवर काठाला या." ऐका रे त्यांचं, आम्ही नाही ऐकलं, ते पुढे येईलच. आणि धरणात मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेला नाहीतर ठेकेदाराला दिलेला असतो, म्हणून गावात विचारूनच उतरा. लाईफ जॅकेट घरून न्या, मिळेल म्हणून जाऊ नका.

एक रॉड वीस मीटर लाईन सोडून, दुसरा पस्तीस. दोन्ही सारख्या अंतरावर सोडलेत तर पहिल्याच वळणावर गुंता, आम्ही केलाय तो मागच्या वेळी, अर्धा तास गेला. मग वल्हवायचं, रमतगमत चालल्यासारख्या वेगाने. डोळे रॉडच्या टोकावर. लूअर नीट पोहत असला की टोक बारीक थरथरत राहतं, एकसारखं. ते थांबलं की समजायचं पाणवनस्पती अडकली, ओढून साफ करा, नाहीतर तासभर गवत फिरवत बसाल.

सगळ्यात कामाचं म्हणजे सरळ रेषेत जाऊ नका. वळताना बाहेरच्या बाजूचा लूअर वेग घेतो, आतला मंदावतो आणि खाली-वर होतो, आणि मासा नेमका तेव्हा झडप घालतो. आमचंही तसंच झालं. तुंग किल्ल्याच्या बाजूला काठालगत वळत होतो तेव्हा आतला रॉड एकदम वाकला, ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल ठेवला होता म्हणून लाईन गरगर गेली, मित्र वल्हं सोडून ओरडायला लागला. सव्वा किलोचा मरळ असेल. हा मासा हवेतूनही श्वास घेतो म्हणून पिशवीत घरी पोचेपर्यंत वळवळत राहिला, बायकोने किंचाळून दाखवलं.

लूअर गेला तो मित्राचा, साडेचारशेचा. पाण्याखाली जुन्या बांधात नाहीतर खोडात अडकला. अशा वेळी जोर लावू नका, होडी पलीकडे नेऊन उलट्या दिशेने ओढा, बऱ्याचदा सुटतो. याने ताकद दाखवली, लाईन तुटली. यावर खरा उपाय म्हणजे मे महिन्यात पाणी उतरल्यावर एक चक्कर मारा, उघडे पडलेले बांध, दगड, खोडं कुठे आहेत ते फोनमध्ये फोटो काढून ठेवा, पावसाळ्यानंतर तिथेच मासा असतो आणि तिथेच लूअर जातो.

साडेअकराला काकांचं वारं आलंच. तिकोना किल्ला समोर दिसत होता, पण दोन हात वल्हवलं की एक हात मागे. काठाला पोचेपर्यंत पाऊण तास गेला, आणि काका तिथे उभे राहून काहीच बोलले नाहीत.