गड्डा, पेरू आणि लिंबाचं चाक

आमच्या सोलापुरातल्या मंडळाचा फळांचा रविवार यंदाही झाला, म्हणजे पोरांनी फळांचे ठसे उमटवून चित्रं करायची आणि फळंच खायची. ह्या कार्यक्रमाला जरा भारदस्त नाव द्यायचं असं दरवर्षी मीटिंगमध्ये ठरतं, तीन-चार नावं निघतात, वाद होतात आणि बॅनरवाल्याला मजकूर द्यायच्या आदल्या रात्री कुणीतरी परत "फळांचा रविवार" असंच टाइप करून पाठवतं. 2012 ला सुरू केलं तेव्हा अकरा पोरं होती, त्यातली दोन माझी स्वतःची.

आधी तक्रार करून घेते. आमच्या ग्रुपवर 140 मेंबर, "नक्की येणार"वर अंगठे 62, आणि सकाळी दहाला खुर्च्या भरल्या 38. बाकीचे कुठं? गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला! अहो, गड्डा होम मैदानावर चांगला बरेच दिवस असतो, आमचा रविवार येईपर्यंत सिद्धेश्वरांची अक्षता, होम, शोभेचं दारूकाम सगळं उरकलेलं असतं, तरी ह्यांना नेमकं त्याच दिवशी पाळण्यात बसायचं असतं. आणि एक वाजता वाट्या मांडल्या की बरोब्बर हजर. नावं घेत नाही, ज्यांचं त्यांना कळेल.

तारीख बदला म्हणतात काहीजण. पण पेरू, बोरं, संत्री, डाळिंब, पपई असं सगळं एकदम स्वस्त जानेवारीतच मिळतं, एप्रिलमध्ये सोलापूरच्या उन्हात पोस्टर कलर ब्रशवरच वाळतो.

दीपप्रज्वलन, स्वागत, नारळ झालं. प्रमुख पाहुण्यांचं भाषण मला आता पाठ आहे, पाहुणे बदलतात पण केगावचं डाळिंब संशोधन केंद्र 2005 चं आणि सोलापूर डाळिंबाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन 2016 ला मिळालं, हे आल्याशिवाय कुणी खाली बसत नाही. अभिमान मलाही आहे हो, पण पोरांच्या हातात ब्रश असतो तोवर.

खरं काम त्यानंतर. आमचा नियम एकच, अर्धं रंगाला, अर्धं तोंडाला. मंडईतल्या मावशी डाग लागलेली फळं वेगळी काढून ठेवतात, ती ठश्यांना, चांगली खायला. चित्रकलेच्या बाई दरवर्षी ओरडून सांगतात की फळ कापलं की दहा मिनिटं पेपरवर पालथं ठेवा, रस निघू द्या, मग पातळ रंग लावा, सरळ दाबा, सरळ उचला, हलवू नका. ऐकतं कोण! सफरचंद मात्र आडवं कापून दाखवलं की सगळे गप्प होतात, मधोमध बियांची पाच पाकळ्यांची चांदणी असते ना, ती. एका वर्षी एका पोरानं भेंडी आणली, लगेच दुसरा, "काय बे, भेंडी फळ आहे का?" विज्ञानाच्या सरांनी सांगितलं, फुलातून होतं, आत बिया असतात, म्हणजे फळच, टोमॅटो आणि वांगंही. तेव्हापासून वांग्यावरून दरवर्षी भांडण असतं.

सरांनी एकदा आर्चिंबोल्डो ह्या इटालियन चित्रकाराचं चित्र मोबाईलवर दाखवलं होतं, साधारण 1591 चं, सम्राट रुडॉल्फचं तोंड सगळं फळाभाज्यांचं, गाल म्हणजे पीच-सफरचंदं. पोरांनी लगेच आपल्या मुख्याध्यापकांचं केलं, नाकाला पेरू. मुख्याध्यापक हसले, पण जरा उशिरानं.

डाळिंबाच्या सालींचा रंग हा माझा प्रांत. वाळलेल्या साली अर्धा तास उकळायच्या, तुरटीच्या पाण्यातून काढलेला सुती तुकडा त्यात टाकला की छान पिवळा होतो. गंजक्या खिळ्यांचं पाणी घातलं की तोच तुकडा काळपट करडा. तुकडे फुकट मिळतात, आमच्या मंडळातले एक काका टॉवेलच्या कारखान्यात आहेत, काठाचे वाया गेलेले देतात.

खाण्यात गॅस नाही, सुरी फक्त मोठ्यांच्या हातात. केळ्याचं शिकरण, डाळिंब-काकडीचा रायता, पेरूची कोशिंबीर. एकदा मी शहाणपणा करून कस्टर्डात कच्चट पपई घातली, तासाभरानं सगळं कडू, पपईतल्या पपेननं दूध बिघडवलं म्हणे, अक्षरशः बादली ओतली. अजून टोमणे खाते. आणि एका पोरीनं पेरूच्या फोडींवर घरची शेंगाचटणी भुरभुरवली होती, ती आता आमची ठरलेली डिश. सोलापुरात दुसरं काय जिंकणार.

पण मी जाते त्या दोन मिनिटांसाठी. शेवटी प्रत्येक पोर आपलं चित्र धरून उभं राहतं आणि त्याबद्दल बोलतं, तेलुगू, कन्नड, मराठी जसं येईल तसं. घरी पाठ करून आलेली भाषणं मी ऐकत नाही, अडखळणारी ऐकते. 2016 असेल, सात वर्षांचा एक मुलगा, कधी तोंड न उघडणारा. लिंबाचा ठसा, पण सगळा पसरलेला. बाई म्हणाल्या, लिंबू छान आहे हं. तो म्हणाला, "लिंबू नाही. पप्पांच्या रिक्षाचं चाक आहे. फिरतंय म्हणून असं दिसतंय." आणि बसला. मी उगाच वाट्या मोजायला उठले. तो कागद माझ्या कपाटाच्या काचेमागं आहे.

आता आभार, कुणी राहिलं तर फोन करा पण रुसू नका. सतरंज्या आणि टेबलं देणारे शिपाई मामा, मंडईतल्या मावशी, चित्रकलेच्या बाई, विज्ञानाचे सर, टॉवेलचे काका, सत्तर वाट्या एकटीनं विसळणाऱ्या तिसऱ्या गल्लीतल्या अक्का, माईकवाला (तासभर उशिरा आला तरी आलाच की), सुऱ्या धार लावून आणणारे बापू, साली दोन महिने गच्चीवर वाळवणाऱ्या माझ्या सासूबाई, फोटो काढणारी भाची, आणि हो, बर्फ आणणारे दोघं, गेल्या वर्षी त्यांचं नाव राहिलं तर त्यांनी संक्रांतीचा तिळगूळ दिला नव्हता.

खुर्च्या यंदा त्या चाकवाल्यानंच उचलल्या. मिशी फुटलीय आता. जाताना शिकरणाची दुसरी वाटी पुसून खाल्ली आणि म्हणाला, "काकू, ते चाक अजून ठेवलंय का?"

ठेवलंय म्हटलं.

"लिंबू कोरडं केलं नव्हतं मी तेव्हा," म्हणाला, "म्हणून पसरलं होतं ते."